रेघेतला कंप

प्रेत नेमकं कसं पडलेलं असावं, या एका प्रश्नावरून वैजयंती सुतार आणि रघुवीर लाटकर यांची जेवढी भांडणं झाली, तेवढी त्या दोघांची आपापल्या घरीसुद्धा झाली नसतील. लाटकर रहस्यकथा लिहायचे आणि वैजयंती त्यांची चित्रं काढायची. तीस वर्षं हा कारभार कोल्हापुरात बिनबोभाट चालला होता. म्हणजे बिनबोभाट म्हणायचं आपलं, बोंबाबोंब रोजचीच.

लाटकर मुळात वीज मंडळातले मीटर रीडर. लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपताना कुणाच्या घरात काय शिजतंय ते आपोआप कानावर पडायचं, आणि त्यातूनच त्यांचे खून निघाले. कथेतले, अर्थात. वैजयंतीचे वडील ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचे. पाठीमागे 'आईचा आशीर्वाद' आणि दोन्ही बाजूंना मोर. मोरांचे डोळे भरायला पोरीला बसवलं, तिथं तिच्या हाताला पहिल्यांदा ब्रश लागला. पुढे ती कलाशाळेत गेली, तिथं मास्तरांनी दोन वर्षं तिला फळं आणि सुरया काढायला लावल्या. पण तिचं मन रमलं ते अंधारात दाराआड उभ्या असलेल्या माणसात. काळी शाई, टोकदार निब आणि रेघेवर रेघ. कंदिलाच्या उजेडातला अर्धा चेहरा तिने असा काढावा की वाचणाऱ्याने आधी दाराची कडी तपासावी आणि मग पान उलटावं.

मग यंत्रांचा काळ आला. शब्द टाकला की चित्र हजर, तेही फुकट. काही वर्षं अशी गेली की चित्रकारांनी चक्क क्लास काढले, दुकानं टाकली, एकाने तर मिसळीची गाडी लावली आणि ती बरी चालली. पण फुकटच्या खाण्याला लोक कंटाळतातच. वाचक म्हणायला लागले, आम्हाला हातचं पाहिजे. आता हातचं कशावरून? तर त्यासाठी रेषावाचक निघाला.

त्यामागचं शास्त्र अवघड नाही. माणसाचा हात कधीच स्थिर नसतो. मेंदू स्नायूंना हुकूम सोडतो तो नळाच्या धारेसारखा सलग नाही, थेंबाथेंबाने. त्यामुळे निरोगी हातसुद्धा सेकंदाला आठ ते बारा वेळा थरथरतो, फक्त इतका बारीक की डोळ्याला दिसत नाही. रेषावाचक शाईच्या रेघेची कड हजारपटीने मोठी करतो, शाईच्या जाडीवरून निब किती वेगाने गेली याचा हिशेब मांडतो आणि ती थरथर मोजतो. थरथर असली तर चित्र माणसाचं, नसली तर यंत्राचं. पुस्तकावर 'हातचं' असा शिक्का बसतो आणि वाचक खूश.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण डॉक्टर मंडळींच्या लक्षात आलं, की मेंदूच्या एका आजारात ही थरथर मंदावते. सेकंदाला चार ते सहा, आणि जरा मोठी. ती हातात दिसायच्या कितीतरी वर्षं आधी रेघेत उतरते. झालं! जुन्या सह्या, शाळेतले निबंध, बारशाच्या आमंत्रणांवरचे पत्ते, सगळं रेषावाचकाखाली जायला लागलं. आधी विमेवाल्यांनी मागितलं. मग तर सोयरीक ठरवायच्या आधी पत्रिकेच्या जोडीला मुलाची जुनी वही मागायचीही पद्धत पडली.

वैजयंतीला यातलं सगळं ठाऊक होतं आणि तिला त्याचं काडीचं घेणंदेणं नव्हतं. पुण्याच्या एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने लाटकरांच्या सगळ्या रहस्यकथा दहा खंडांत काढायचं ठरवलं होतं, प्रत्येक कथेला वैजयंतीची नवी चित्रं. तिच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम. शिक्क्याच्या तपासणीसाठी तिची घरातली जुनी मूळ चित्रं संस्थेने गाडी भरून नेली, तेव्हा तिने ड्रायव्हरला चहासुद्धा पाजला.

आठवड्याने संपादिकेचा, ऋजुता बर्वेचा, फोन आला.

"ताई, शिक्का मिळाला हं. अभिनंदन." पोरीचा आवाज मात्र अभिनंदनाचा नव्हता. "पण अहवालात आणखी एक पान आहे. तुम्ही बसलाय ना?"

वैजयंती उभी होती. ऐकता ऐकता बसली.

वीस वर्षांपासूनच्या तिच्या चित्रांमध्ये मंद थरथर होती. सगळ्यांत नाही, काहींत, पण जिथं होती तिथं अगदी ठळक. आणि टप्प्याटप्प्याने ती वाढत गेली होती.

मेंदूचे डॉक्टर फडतरे स्वभावाने भला माणूस. त्यांनी तिला समोर बसवून कागदावर गोल गोल रेघ काढायला सांगितली. ज्या बाईने अख्खी हयात रेघा ओढण्यात घालवली, तिचा हात त्या खोलीत असा लटपटला की कागद फाटला.

"ही भीतीची थरथर," डॉक्टर म्हणाले. "ती जलद असते. पण आज तिच्यापुढे दुसरं काही वाचताच येत नाहीये. सहा महिन्यांनी परत बघू."

"म्हणजे मला काही झालेलं नाही?"

"तसं मी म्हणू शकत नाही, वैजयंतीबाई. जुन्या चित्रांत जे आहे ते आहेच."

घरी येऊन ती स्वयंपाकाला बसली. नवऱ्याने, अशोकने, सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या पुढ्यातून विळी ओढून घेतली. शाळेत खेळाचा मास्तर म्हणून नोकरी केलेला माणूस, वांगी चिरायला बसला. फोडी इतक्या मोठ्या की रस्सा उकळून आटला तरी त्या कच्च्याच. तेव्हापासून तो तिच्या हाताकडे बघायचा आणि बघत नाही असं दाखवायचा. ती स्वतःही बघायची. कपबशी उचलताना, फणी धरताना, कुलपात किल्ली घालताना. आणि एकटक बघितलं की कुणाचाही हात हलतोच. तिचा हलला की ती हातातली वस्तू खाली ठेवून द्यायची. निबला तर तिने हातच लावला नाही.

मग ऋजुताने मार्ग सुचवला. रेषा-करार. वैजयंतीच्या जुन्या निर्दोष चित्रांवरून यंत्र तिची रेघ शिकणार. दहाही खंडांची चित्रं तिच्या रेघेत, तिच्या नावाने येणार. 'हातचं'ऐवजी वेगळा शिक्का बसेल इतकंच. अट एकच होती. एकदा सही झाली की तिने हाताने काढलेलं चित्र तिच्या नावावर पुन्हा कधीही छापता येणार नाही, कारण ती रेघ मग संस्थेची.

"ताई, मला हे बोलताना कसंतरी होतंय," ऋजुता म्हणाली. "पण हात गेल्यावर कशाचाच करार होणार नाही."

वैजयंतीने दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं. सोमवारी ऋजुता कोल्हापूरला येणार होती, सही घ्यायला. फक्त आजाराचं लाटकरांना कळवू नकोस, असं तिने बजावलं. दया दाखवणारे लाटकर तिला बघवले नसते.

शनिवारी दुपारी दार वाजलं ते मोडायच्या बेताने. लाटकर दारात उभे होते, घामाघूम, काखेत छत्री आणि नाकाचा शेंडा लाल.

"पुण्याहून मेसेज आलाय. चित्रं मशीन काढणार म्हणे! तू रेघ विकलीस आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"बसा दादा, पाणी घ्या."

"पाणी घाल चुलीत! तीस वर्षं मी एक ओळ लिहिली की तू तीन शंका काढल्यास. खिडकी बंद असताना मांजर आत कसं आलं, हे तू विचारलंस म्हणून माझी अब्रू राहिली. ते मशीन विचारणार आहे का मला? नंदीबैलासारखी मान डोलवेल ते!" लाटकरांचा आवाज चिरकला. "पैशासाठी केलंस होय?"

हे मात्र वैजयंतीला लागलं. इतके दिवस दाबून धरलेलं एकदम बाहेर आलं.

"हात चाललाय माझा! कळलं? मेंदूचा आजार आहे. वीस वर्षांपासून आहे. काय करू मग, थरथरत्या हातानं तुमची प्रेतं काढत बसू?"

लाटकर मटकन सोफ्यावर बसले. मग चष्मा काढून त्यांनी सरळ डोळे पुसले, लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"मला का नाही सांगितलंस गं?" ते म्हणाले. "मी काय परका आहे?"

अशोकने चहा आणला. मग लाटकर नाक शिंकरून म्हणाले, "दाखव बघू ती चित्रं. कुठली कुठली म्हणतायत?"

"काय करणार बघून?"

"काय करणार म्हणजे? मीटर चुकीचं रीडिंग दाखवतंय अशी तक्रार आली की आम्ही आधी मीटर बघायला जायचो. दाखव की!"

चित्रं परत आली होती आणि थरथर सापडलेल्या प्रत्येक चित्रामागे लाल टिकली चिकटवलेली होती. वैजयंतीने गठ्ठे सोडले. लाल टिकलीची चित्रं खोलीच्या एका बाजूला, बिनटिकलीची दुसऱ्या बाजूला, अशी सगळी फरशी भरली. लाटकर गुडघ्यांवर हात ठेवून मध्ये वाकून उभे राहिले आणि बघत राहिले.

"वैजू," ते हळूच म्हणाले, "ही लाल सगळी माझी आहेत."

"तुमचीच तर कामं जास्त केली मी."

"तसं नाही. इकडे बघ. पाठ्यपुस्तकातली फुलपाखरं कोरी. त्या प्रेमकथांच्या बाईंची चित्रं कोरी. त्याच वर्षीची, त्याच महिन्यातली. आणि माझी लाल. आजार काय लेखक बघून येतो?"

"तुमच्या कथा वाचून घाबरत असेन मी."

"तू आणि घाबरणार! शेवटी खुनी कोण ते पहिल्या पानावर सांगून माझं तोंड कडू करायचीस." लाटकर आता मांडी घालून खालीच बसले. कथेतला त्यांचा, खुनाचा छडा लावणारा पोलीस पाटील बसतो तसे. "शाई वेगळी होती?"

"एकच."

"कागद?"

"तोच."

"माझी सगळी लाल आहेत का? ही बघ, ही नाही. आणि ही पण नाही. ही पुस्तकाची, सावकाश केलेली. लाल आहेत ती फक्त दिवाळी अंकांची." त्यांनी मान वर केली. "दिवाळी अंकाची चित्रं तू कुठं बसून काढायचीस?"

वैजयंतीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

लाटकरांनी दिवाळी अंकाची कथा आयुष्यात एकदाही वेळेवर दिली नव्हती. अंकाची बाकीची पानं छपाईला जायची तरी यांचा खुनी मोकाटच. शेवटी वीस वर्षांपूर्वी छापखान्याचे मालक शेटे यांनी रीतच पाडली होती. वैजयंतीला छापखान्यातच बोलवायचं, लाटकरांचं एकेक पान येईल तसं तिला द्यायचं, आणि तिने काढलेलं चित्र ओलंच खाली सोडायचं. तिला बसायला जागा म्हणजे लाकडी माळा. तो माळा होता बरोबर छपाईच्या मशीनवर. खाली अंकाची बाकीची पानं धडाधड छापली जायची आणि वर वैजयंती प्रेत काढायची.

"शेट्यांच्या माळ्यावर," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "पण मग ते वाढत कसं गेलं? अहवालात आहे, टप्प्याटप्प्यानं वाढलंय."

स्वयंपाकघरातून अशोक बाहेर आला. हातात चहाची गाळणी तशीच. "शेट्यांनी मशीन बदललं की नाही मध्ये? दोनदा बदललं. दर वेळी आधीच्यापेक्षा दांडगं. पेढे दिले होते आपल्याला."

मग लाटकरांनी कपाळावर हात मारला. "आयला! म्हणजे माझ्या उशिरामुळं तुला रोग लागला होय!"

वैजयंतीला हसू आलं नाही. उलट आता खरी भीती वाटायला लागली. आजार आहे असं धरून चालली होती तेव्हा मन एका जागी बसलं होतं. आता आशा लागली होती, आणि ती खोटी ठरली तर पुन्हा सोसायचं बळ तिच्यात नव्हतं. तिने तसं बोलूनही दाखवलं. "नको दादा. सोमवारी सही करते आणि सुटते."

"सोमवारच्या आधी रविवार येतो," लाटकर म्हणाले आणि त्यांनी थेट डॉक्टर फडतऱ्यांना फोन लावला.

डॉक्टर रागावले नाहीत. उलट म्हणाले, मीच यंत्र घेऊन येतो. रविवारी सकाळी शेट्यांच्या छापखान्यात असा मेळा जमला की शेजारच्या कारखान्यातली माणसं डोकावून गेली. शेट्यांनी माळा झाडून घेतला होता. वैजयंती शिडी चढून वर गेली. पुढ्यात कागद, शाई, निब. डॉक्टरांनी सांगितलं, हाताकडे बघू नका, चित्र काढा.

"कसलं चित्र?"

"प्रेत!" खालून लाटकर ओरडले. "पालथं! उजवा हात पोटाखाली!"

"उजवा हात पोटाखाली गेला तर चाकू कुठं गेला?" वैजयंती वरून ओरडली, आणि भांडणाच्या भरात तिची निब चालायला लागली.

एक चित्र मशीन चालू असताना झालं. शेट्यांनी मशीन बंद केलं, दुसरं झालं. तिसरं तिने बाहेर अंगणात, बाकावर बसून काढलं. डॉक्टरांनी तिन्ही रेषावाचकाखाली घातली. पडद्यावर पहिल्या चित्राची नागमोडी रेघ उमटली, सेकंदाला पाच, ठसठशीत, अहवालात होती हुबेहूब तशीच. वैजयंतीने डोळे मिटून घेतले.

"दुसरं बघा," डॉक्टर म्हणाले. "बाई, डोळे उघडा. बघा तर खरं."

दुसऱ्या चित्रात त्या मंद थरथरीचा मागमूस नव्हता. तिसऱ्यातही नव्हता. होती ती बारीक, जलद, कुठल्याही निरोगी माणसाच्या हाताची.

"हात ठणठणीत आहे तुमचा," डॉक्टर फडतरे म्हणाले. "आमच्या यंत्राला वाटलं, चित्रकार म्हणजे घरी टेबलावर बसणारा. खाली छापखाना चालू असेल हे त्याच्या गावीही नव्हतं. आणि माझ्याही नव्हतं."

"म्हणजे आजार माझ्या मशीनला आहे?" शेट्यांनी काळजीने विचारलं.

तेव्हा कुठे वैजयंतीचा जीव भांड्यात पडला. ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. अशोक कागदाच्या रिमांवर बसून लहान मुलासारखा हमसून रडत होता, आणि एवढा खेळाचा मास्तर रडतोय म्हणून शेट्यांनी त्याला उगाचच पंखा लावून दिला. लाटकर तेवढे कोरडे होते. ते पालथ्या प्रेताचं चित्र उलटसुलट करून बघत होते. "चाकूचं तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "बदलावं लागेल."

सोमवारी ऋजुता आली. वैजयंतीने तिला डॉक्टरांचा नवा अहवाल दिला आणि रेषा-करार बिनसहीचा परत केला.

"ताई, खरं सांगू?" ऋजुता म्हणाली. "यंत्राने नमुन्याचं एक चित्र काढलं होतं. रेघ तुमचीच वाटत होती. पण मेलेला माणूस दुपारी जेवून पडल्यासारखा दिसत होता. मी कुणाला बोलले नाही." आणि त्या पोरीने सगळ्यांसमोर वैजयंतीला मिठी मारली.

वैजयंती त्याच दिवशी कामाला बसली. पहिला खंड निम्मा होत आला तेव्हा एका दुपारी तिला अनोळखी फोन आला.

"सुतारबाई का? मी इचलकरंजीवरनं बोलतोय. भीमराव हुपरे. यंत्रमागाच्या कारखान्यात दिवाणजी आहे मी. तुम्ही मला वळकत नाही."

"बोला की."

"फडतरे डॉक्टरांनी नंबर दिला. मला बी तसलाच रिपोर्ट आला होता, बाई. विम्यासाठी माझं अक्षर तपासलं आणि लाल आलं. वर्ष झालं त्याला. घरात कुणी नीट जेवलं नाही बघा. धाकटीचं ठरलेलं लग्न मोडलं, बापाला आहे म्हणजे पोरीला बी होणार म्हणून. मी कामावर जायचं बंद केलतं." बोलता बोलता माणसाला दम लागला होता. "आता डॉक्टरांनी जुन्या सगळ्या पेशंटांना बोलवून घेतलंय. एकच इचारतात, कुठं बसून लिहिलं? मी म्हटलं, कुठं म्हणजे? मागांच्या मधीच माझं टेबल आहे की, जलम गेला तिथं. तर त्यांनी मला घरी बसवून लिहायला लावलं. आणि बाई, काही नाही मला! काही म्हणजे काहीच नाही! पोरीच्या होणाऱ्या सासरची माणसं काल येऊन हात जोडून गेली. पोरगी हसली बघा वर्षानं. आजपासनं मी बी परत कामावर आलोय, टेबलावरनंच बोलतोय."

वैजयंतीला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण समोरून इतका खडखडाट येत होता की त्याचे पुढचे शब्द तिला धड ऐकूच येईनात. शे-दोनशे माग एकदम चालत असावेत.

"भीमरावदादा," ती मोठ्याने म्हणाली, "लई बरं वाटलं ऐकून. पण जरा बाहेर येऊन बोला की. त्या आवाजात काही कळेना झालंय."

पलीकडे मागांचा खडखडाट तसाच चालू राहिला.

"आवाज?" त्याने विचारलं. "कसला आवाज, बाई?"